एमडीची सख्खी-चुलत भावंडं आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात अदालत रोडला माझं छोटं ऑफिस आहे. काम फौजदारी, त्यातही एनडीपीएसचं जास्त. या कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असं लांबलचक आहे. ते एका दमात म्हणणारा हवालदार मला अजून भेटलेला नाही, म्हणून इथेही एनडीपीएसच म्हणतो. प्रश्न विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात: लातूरला नीटच्या क्लासला लेकरू ठेवलेले आईबाप, वाळूज-पैठणकडचे शेडवाले आणि मेडिकलवाले. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. रसायनशास्त्रात मी बारावीला काठावर पास झालो होतो. जे लिहिलंय ते उलटतपासणीसाठी घोकून शिकलेलं आहे.

‘एमडीसारखं आहे, पण एमडी नाही’ म्हणजे नक्की काय?

एमडी म्हणजे मेफेड्रॉन. रसायनवाले त्याला ४-एमएमसी म्हणतात. त्याच्या रेणूत एक सहा कोपऱ्यांचं कडं असतं आणि कड्याच्या चौथ्या जागेवर मिथाइल नावाचा छोटासा गट बसलेला असतो. हाच गट तिसऱ्या जागेवर सरकवला की ३-एमएमसी तयार होतं. अणू तेवढेच, वजन तेच, नशेची जातही तीच. बदललं ते फक्त नाव.

सगळा खेळ या नावाचाच आहे. एका पदार्थावर बंदी आली की बनवणारे रेणूत कुठेतरी चिमूटभर फरक करतात आणि नवा पदार्थ बाजारात आणतात. मेफेड्रॉनवर बंदी आल्यावर युरोपात ३-एमएमसी असंच पसरलं. नेदरलँड्सने त्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये बंदी घातली आणि २०२३ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेलं. अशा नव्या नशिल्या पदार्थांची नोंद संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय ठेवतं. जगभरातून तिथे आलेल्या नोंदी आता १,२०० च्या पुढे गेल्या आहेत.

मग आपल्याकडे असा ‘चुलतभाऊ’ कायदेशीर आहे का?

याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते का, हे नीट समजून घ्या. कारण अर्धी माहिती घेऊन पोरं फसतात.

एनडीपीएस कायदा सातबाऱ्यासारखा चालतो. तोंडावळा हुबेहूब बापासारखा असला म्हणून जमीन नावावर होत नाही, उताऱ्यावर नाव लागतं. तसंच कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. त्या यादीत नाव असेल तर तो ‘मनोव्यापारावर परिणाम करणारा पदार्थ’. नसेल तर नशा कितीही चढो, या कायद्यापुरता तो तसा पदार्थ नाही. यादीतल्या पदार्थाचे क्षार आणि त्यापासून केलेली मिश्रणंही यादीतच धरली जातात. त्यामुळे ‘हे हायड्रोक्लोराइड आहे, शुद्ध नाही’ असले बचाव चालत नाहीत. पण ‘यादीतल्यासारखा दिसणारा’ असा शब्दप्रयोग आपल्या कायद्यात नाही.

मात्र यादीत नाव नाही म्हणजे रान मोकळं असंही नाही. औषध म्हणून विनापरवाना काही बनवलं-विकलं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. इजा करण्याच्या किंवा गुन्ह्याच्या हेतूने कुणाला गुंगीचं काही दिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय पुडी विकणारा जे नाव सांगतो ते खरं असतंच असं नाही. ‘भाऊ, हे नवीन आहे, याला कलमच नाही’ म्हणून घेतलेली पावडर तपासणीत सरळ मेफेड्रॉन निघालेली मी पाहिली आहे.

यादीत नाव चढवतं कोण? संसदेत कायदा करावा लागतो का?

नाही. कलम ३ ने तो अधिकार केंद्र सरकारला दिलाय. पदार्थाचे परिणाम, त्याचा गैरवापर होतोय का किंवा होऊ शकेल का, आंतरराष्ट्रीय करारात काय बदल झाले, हे बघून राजपत्रात अधिसूचना काढायची आणि नाव चढवायचं. केटामाइन असंच फेब्रुवारी २०११ मध्ये चढलं, मेफेड्रॉन ५ फेब्रुवारी २०१५ ला, तर ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये.

मेफेड्रॉनची तारीख लक्षात ठेवा. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१० मध्येच बंदी घातली होती. आपल्याला जवळपास पाच वर्षं जास्त लागली. तेवढ्या काळात मुंबईत एमडी हातोहात विकलं गेलं आणि पोलिसांकडे त्यासाठी एनडीपीएसचं कलमच नव्हतं.

आज यादीत आलं तर मागच्या महिन्यात सापडलेल्या मालावर गुन्हा लागतो का?

लागत नाही. संविधानाचं कलम २०(१) सांगतं की कृत्य केलं त्या वेळी जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर शिक्षा देता येत नाही. जानेवारी २०१५ मध्ये कुणाकडे एमडी सापडलं असतं तर तेवढ्यावरून त्याला एनडीपीएसखाली शिक्षा झाली नसती, तेच १० फेब्रुवारीला सापडलं असतं तर झाली असती. पण एक बारकावा आहे. जुना माल अधिसूचनेनंतरही घरात ठेवला असेल तर ‘बाळगणं’ चालूच आहे, आणि तो गुन्हा आजचाच.

अमेरिकेत म्हणे नुसतं ‘सारखं’ असलं तरी शिक्षा होते. आपल्याकडे तसा कायदा का करत नाहीत?

हा प्रश्न विधी महाविद्यालयातली मुलं विचारतात आणि तो मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेने १९८६ मध्येच असा कायदा केला. एखादा पदार्थ तिथल्या सगळ्यात कडक पहिल्या दोन अनुसूचींतल्या पदार्थाशी रचनेने ‘बऱ्याच अंशी सारखा’ असेल, त्याचा परिणामही तसाच असेल किंवा तसाच आहे म्हणून तो विकला जात असेल, आणि तो माणसाने सेवन करावा म्हणून दिला जात असेल, तर त्याला पहिल्या अनुसूचीतल्या पदार्थासारखंच वागवायचं. कागदावर छान वाटतं. पण ‘बऱ्याच अंशी सारखा’ म्हणजे किती? कोर्टात सरकारचा रसायनतज्ज्ञ म्हणतो सारखा आहे, आरोपीचा म्हणतो नाही, आणि दोघांकडेही रेणूची चित्रं असतात. १९९२ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संघीय न्यायालयाने अल्फा-एथिलट्रिप्टामाइनच्या खटल्यात सांगितलं की या पदार्थापुरता हा कायदा इतका मोघम आहे की तो लावताच येणार नाही. पुढे २०१५ मध्ये मॅकफॅडन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट स्पष्ट केली: आपण जे विकतोय ते नियंत्रित पदार्थात मोडतं हे, किंवा ज्या गुणांमुळे ते मोडतं ते गुण, आरोपीला माहीत होते हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. आधी त्यांनी ‘अमुक सांगाड्यावर अमुक जागी अमुक गट बसवलेले सगळे पदार्थ’ अशा घाऊक व्याख्या केल्या. त्या पुऱ्या पडेनात तेव्हा २०१६ मध्ये सरसकट कायदा आणला: मनावर परिणाम करणारं काहीही बनवणं, विकणं गुन्हा. मग दारू, तंबाखू, कॉफी, औषधं, अन्न यांना वेगळी सूट द्यावी लागली. चीनने १ मे २०१९ पासून फेंटॅनिल या जहाल वेदनाशामकाच्या आख्ख्या कुळावर एका फटक्यात नियंत्रण आणलं.

माझं मत विचाराल तर ‘सारखा’ हा शब्द आपल्याकडे नकोच. एनडीपीएसमध्ये शिक्षा वीस वर्षांपर्यंत जाते, व्यावसायिक प्रमाण (म्हणजे ठरवून दिलेल्या मोठ्या मर्यादेपेक्षा जास्त माल) असेल तर जामीन मिळणं महाकठीण, आणि कलम ३५ प्रमाणे आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असं आधीच धरून चालतात. इतक्या कडक कायद्यात कुणाचं भवितव्य ‘मला तर सारखंच वाटतं’ या एका वाक्यावर ठेवणं बरोबर नाही. पण एकेक नाव चढवत बसणंही पुरणारं नाही. तुम्ही एक चढवेपर्यंत तिकडे तीन तयार होतात. ब्रिटन-चीनसारखी कुळवार नोंद आपल्या अनुसूचीत केली, तर व्याख्याही नेमकी राहील आणि पळवाटाही बुजतील. खंडपीठाच्या आवारात या मुद्द्यावर माझं वरिष्ठांशी कधीच जमलं नाही. ते म्हणतात, यादी तोकडी आहे म्हणूनच आपलं घर चालतं!

‘नियंत्रित पदार्थ’ म्हणजे एमडी, गांजा, चरस हेच ना?

अमेरिकन बातम्यांत तोच अर्थ असतो. आपल्याकडे नाही, आणि यावरून मोठे घोटाळे होतात. भारतीय कायद्यात ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणजे नशेचा माल नाही, तो बनवायला लागणारा कच्चा माल. कलम ९अ खाली सरकार अशी रसायनं जाहीर करतं. ॲसेटिक ॲनहायड्राइड हे त्यातलं ठळक नाव. औषध आणि रंग उद्योगात त्याचा रोजचा वापर आहे आणि हेरॉइन बनवायलाही तेच लागतं. इफेड्रिन, स्यूडोइफेड्रिन ही सर्दीच्या औषधातली रसायनं, पण मेथॲम्फेटामाइनचा कच्चा मालही तीच.

या रसायनांसाठी २०१३ चा नियमन आदेश आहे. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी, रोजच्या रोज आवक-जावक, तिमाही विवरणपत्र, हे सगळं करावं लागतं. एका कारखानदाराने मला हिशेबाची वही दाखवली होती. माल एक थेंबही इकडचा तिकडे नव्हता, पण दोन तिमाह्यांची विवरणपत्रं भरायचीच राहिली होती. ‘अकाउंटंट बदलला साहेब,’ एवढंच त्याचं म्हणणं. आदेशाचा भंग म्हणजे कलम २५अ, दहा वर्षांपर्यंत. चोरी नसली तरी आळस महागात पडतो, तो असा.

पंचनाम्यात ‘एमडी सदृश पावडर’ लिहिलंय. त्यावर शिक्षा होते का?

‘सदृश’ हा पंचनाम्यातला लाडका शब्द. त्यावर अटक होते, रिमांड होतो, बातमी छापून येते. शिक्षा मात्र सीए रिपोर्टवर ठरते, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर. आपल्याकडचे नमुने बहुतेक संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात.

घटनास्थळी पोलिसांकडे एक छोटा किट असतो. चिमूटभर पावडरवर थेंब टाकायचा, रंग बघायचा. त्यावरून फार तर अंदाज बांधता येतो, कारण एकाच कुळातले पदार्थ सारखे रंग देऊ शकतात. प्रयोगशाळेत जीसी-एमएस नावाचं यंत्र रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं मांडतं. पण आपल्या चुलतभावांची गोष्ट इथेही आडवी येते: ३-एमएमसी आणि ४-एमएमसीचे तुकडे जवळजवळ एकसारखे पडतात. दोघांत फरक करायचा तर शुद्ध प्रमाण-नमुना शेजारी लावून ताडून बघावं लागतं.

म्हणून अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा निष्कर्षाची ओळ वाचतो. तिथे ‘मेफेड्रॉन’ असं स्पष्ट लिहिलंय, की ‘कॅथिनोन वर्गातला पदार्थ’ (म्हणजे एमडीच्या कुळातलं काहीतरी) एवढंच? एवढंच असेल तर आख्खा खटला त्या एका ओळीवर फिरू शकतो. मग सील, वजन, तारखा बघतो. नमुने आता कलम ५२अ आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात. पंचनाम्यात पिशवीसह ५२ ग्रॅम आणि दंडाधिकाऱ्यासमोर निव्वळ ४९ भरले, तर ते तीन ग्रॅम कुणाच्या तरी आयुष्यातली दहा वर्षं असतात. कशी, ते पुढच्या उत्तरात.

किती मालाला किती शिक्षा?

मेफेड्रॉनचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपेक्षा कमी, व्यावसायिक ५० ग्रॅमपेक्षा जास्त. अल्पला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिकला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं, दंड एक ते दोन लाख, आणि कलम ३७ मुळे जामिनाची वाट जवळपास बंद. पदार्थागणिक आकडे बदलतात: एमडीएमएचं (म्हणजे एक्स्टसी, एमडीहून वेगळा पदार्थ) व्यावसायिक प्रमाण १० ग्रॅम, तर फेंटॅनिलचं अवघं ०.१ ग्रॅम, म्हणजे मिठाची छोटी चिमूट.

मेडिकलवर मिळणाऱ्या गोळ्यांना हे लागू होतं का? ‘बटन’ तर औषधच आहे.

संभाजीनगरात ज्याला पोरं ‘बटन’ म्हणतात त्या बहुतेक झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम. ही नावं अनुसूचीतच आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेली पट्टी हा गुन्हा नाही, कारण वैद्यकीय वापराला कलम ८ मध्ये सूट आहे. चिठ्ठीशिवायचा खोका मात्र दुसरी गोष्ट.

इथला हिशेब लोकांना पटतच नाही, म्हणून करून दाखवतो. अर्ध्या मिलिग्रॅमच्या हजार गोळ्यांत अल्प्राझोलाम किती? अर्धा ग्रॅम. अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे आपण कितीतरी खाली. पण एका गोळीचं वजन १२० मिलिग्रॅम धरलं तर हजार गोळ्या १२० ग्रॅम भरतात, आणि व्यावसायिक प्रमाण १०० ग्रॅमचं आहे. मग धरायचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० ला हीरा सिंग खटल्यात सांगितलं की मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं, आतल्या शुद्ध मालाचं नाही. गोळीतला खडू-स्टार्चसुद्धा तुम्हाला आत पाठवतो!

मेडिकलवाल्यांनो, एच-१ चं (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांचं) रजिस्टर रोज लिहा आणि तीन वर्षं जपा. महिनाअखेरीला एकाच पेनने सगळं भरलेलं रजिस्टर तपासनीसाला लांबूनही ओळखू येतं.

शेड भाड्याने दिली, आत काय चालतं मला काय माहीत?

‘माहीत असून’ जागा वापरू दिली तर कलम २५ लागतं आणि शिक्षा मुख्य गुन्ह्याएवढीच. माहीत नव्हतं हे खरं असेल तर बचाव आहे, पण तो कागदावर दिसायला हवा.

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत छापे टाकले, माल अडीचशे कोटींच्या घरातला सांगितला गेला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच यंत्रणेने चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावातून ११ किलोहून जास्त मेफेड्रॉन पकडलं. एमआयडीसी नाही, साधं गाव. त्याच्या आधी फेब्रुवारीत तामलवाडीच्या कारवाईनंतर तुळजापूरचं एमडी-विक्रीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा तर घराघरात हाच विषय होता.

भाडेकरार नोंदवा, आधार-पॅन घ्या, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, करारात ‘वापर कशासाठी’ ते लिहा आणि महिन्याला एकदा आत पाय ठेवा. बाजारभावाच्या दुप्पट भाडं, वीज फक्त रात्री, खिडक्यांना आतून काळा कागद आणि आंबूस-तिखट वास असं जुळून आलं तर करार संपायची वाट बघू नका. १९३३ हा नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या ‘मानस’ हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ छापलंय. मग मागवलं तर चालतं का?

ती अमेरिकन कायद्यातल्या ‘सेवनासाठी’ या अटीतून पळ काढायला काढलेली युक्ती. तिथे अशी पाकिटं ‘बाथ सॉल्ट’ म्हणून विकली गेली. आपल्या अनुसूचीला पाकिटावरच्या मजकुराशी देणंघेणं नाही. आत यादीतलं नाव निघालं की संपलं.

लेकराच्या बॅगेत पुडी सापडली. आता काय करू?

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला औश्याहून एका माउलीचा फोन आला. पोरगं अठराचं, क्लासवरून सुट्टीला आलेलं. कपडे धुवायला काढताना जीन्सच्या चोरखिशात झिपची बोटभर पिशवी, आत मिठासारखी पावडर. ‘साहेब, पोलिसात देऊ का संडासात टाकू? त्याच्या बापाला अजून सांगितलं नाही मी.’

मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. पुडी शेजाऱ्याकडे, मामाकडे ठेवायला देऊ नका, त्याने दुसरा माणूस गुंततो. चव घेऊन बघू नका, फेंटॅनिलच्या कुळातलं काही असेल तर जीव जाऊ शकतो. पुडीचं काय करायचं ते वकिलाला समोरासमोर विचारा, फोनवर-व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नका. आणि पोराला दवाखान्यात न्या, सकाळीच.

कारण कायद्यात कलम ६४अ आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत असतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, तेव्हा त्याला त्या आरोपाच्या खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. एमडीच्या नुसत्या सेवनाला कलम २७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. विकणाऱ्याला मात्र यात संरक्षण नाही. मित्रांना ‘वाटून’ दिलं तरी ते विकण्याच्याच रांगेत बसू शकतं, हे पोरांना आधी सांगा. घेणारा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वेगळं लागतं, सात वर्षांपर्यंत.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. त्या माउलीने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची एसटी पकडली, पोराला घेऊन. बापाला तिने बसमधून फोन करून सांगितलं.